चार्जरचा ठोकळा कुणी नेला?

१

कापलेली वायर सगळ्यांत आधी दिसली ती बाईंना.

सकाळचे नऊ वाजायचे होते. बाई अंघोळ उरकून, ओले केस टॉवेलात गुंडाळून खोलीत आल्या आणि टेबलापाशी उभ्याच राहिल्या. लॅपटॉप जागच्या जागी होता, पण पडदा काळा. डाव्या बाजूच्या भोकातून चार्जरची वायर बाहेर आली होती ती जेमतेम चार बोटं. पुढे काही नाही. टोक कात्रीनं सरळ कापलेलं.

"वहिनी!" बाई ओरडल्या.

ही हाक नव्हती हो, हा आरोप होता. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. आणि वहिनी घरात नव्हत्याच.

आता घरात माणसं किती? मोजून चार. घर दादांचं. दादांची बायको म्हणजे वहिनी. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. आणि चौथ्या बाई, दादांच्या धाकट्या बहीण. बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या, पण गल्लीसाठी अजून बाईच. लोक निवृत्तीनंतर गुडघे धरून बसतात, ह्यांनी पीएचडी धरली. विषय काय, तर दुकानांच्या पाट्यांवरची भाषा. सहा वर्षं ऊनपाऊस न बघता शहरभर पाट्या वहीत उतरवत हिंडल्या. लोकांनी हसून घेतलं, पण बाई कुणाला दाद देणाऱ्या नव्हेत.

प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस आजचा, वेळ संध्याकाळी पाचची. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नाही असं विद्यापीठानं लेखी कळवलं होतं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जर काढला की लॅपटॉप आडवा. आणि शेवटच्या महिन्याचं सगळं काम, दोन अख्खी प्रकरणं, त्या काळ्या पडद्याच्या आत. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेलं नाही.

म्हणजे आज पाचच्या आत लॅपटॉप सुरू झाला नाही, तर सहा वर्षं पाण्यात.

बाईंनी फोन उचलला आणि फ्यूजताईला लावला.

२

फ्यूजताईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. इस्त्री असो, पंखा असो, बंद पडलेली वस्तू घेऊन कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितलात का?" म्हणून हे नाव पडलं. एके काळी ती बाईंच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायची. आता चाळिशी उलटली तरी बाईंसमोर हात मागे बांधून उभी राहते. तिच्या दुकानाची पाटी बाईंच्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर आहे, तीही ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुकांसकट. ती ते अभिमानानं सांगते.

"जोड मारून दे ग पटकन," ती खोलीत पोचताच बाई म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत टिकला तरी पुरे."

"जोड कशाला मारू बाई? दुसरं टोक कुठाय?"

खरंच की! रागाच्या भरात बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. चार्जरचे भाग तीन. भिंतीपासून येणारी जाड वायर, मधला काळा ठोकळा, आणि ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी बारीक वायर. बारीक वायरीचं शेपूट लॅपटॉपमध्ये होतं. जाड वायर खिडकीच्या कट्ट्यावर होती, नीट वेटोळी करून, वर रबरबँड लावून. ठोकळा मात्र नव्हता. टेबलाखाली नाही, खणात नाही, केराच्या डब्यात नाही.

फ्यूजताईनं घाई केली नाही. तिनं भिंतीवरचं बटण पाहिलं, बंद होतं. खिडकी पाहिली, सताड उघडी.

"खिडकी तुम्ही उघडलीत?"

"छे! मी कधी उघडत नाही. कागद उडतात."

कागद उडाले नव्हते. गठ्ठ्यावर जाडजूड शब्दकोश ठेवलेला होता.

"हा कोश इथेच असतो?"

"नाही ग, तो वायरीखाली असतो. अलीकडे वायर जरा उचलून धरली तरच चार्ज व्हायचं. तिथे चिकटपट्टीही गुंडाळली होती मी."

फ्यूजताईनं लॅपटॉपमधून लोंबणारं शेपूट दोन बोटांनी हळूच ओढून पाहिलं. आलं नाही. वाकून नाक जवळ नेलं. भोकाच्या कडेला तपकिरी डाग होता. ती सरळ झाली आणि तिनं विचारलं, "तुमचा संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. वहिनी! दोन महिने झाले, माझ्याशी धड बोलत नाहीत. एकदा तोंडावर म्हणाल्या, 'आता बास झालं हे.' आणि चार दिवसांपूर्वी दारात उभ्या राहून म्हणतात, 'फार तापायला लागलंय, वन्सं, आवरा आता.' म्हणजे घरात माझ्यावरून वातावरण तापलंय म्हणे! मी म्हटलं, तापू दे."

"दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

"काही नाही. नदीपलीकडे मी एक खोली बघून ठेवलीय. हे जमा झालं की तिकडे राहायला जाणार. ते सांगितलं, एवढंच. दुसऱ्याच्या संसारात किती दिवस अडगळ होऊन राहायचं? वहिनींना माझी पदवी खुपते. जाताजाता अपशकुन केला, दुसरं काय!"

फ्यूजताईला हे गणित जुळेना. नको असलेला पाहुणा निघाला, तर कुणी त्याची गाडी अडवतं का? पण बाईंना उलटून बोलायची सवय तिला शाळेतही नव्हती.

"बाई," ती एवढंच म्हणाली, "वायर का कापली ते नंतर बघू. मला आधी सांगा, ठोकळा का नेला? नुकसानच करायचं होतं तर वायर कापून काम झालं होतं. ठोकळा पिशवीत घालून मिरवायचा काय?"

३

पुतणी शेजारच्या खोलीत कानात बोंडं खुपसून पलंगावर लोळत होती. फ्यूजताईनं बोंडं काढायला लावली.

"मी? मी कशाला कापू?" ती ताडकन उठून बसली. "आत्या गेली की ती खोली मला मिळणारे! मी तर रोज विचारते, आत्या, झालं का, झालं का. मला हवंय तिचं लवकर व्हायला."

निर्लज्जपणाला तोड नाही, पण खोटं काही नव्हतं त्यात.

"आई कुठे गेली?"

"माहीत नाही. नऊच्या आधी इथे डोकावली होती. काहीतरी म्हणाली. मी हं म्हटलं."

"काय म्हणाली?"

"अहो ताई, गाणं चालू होतं ना."

"फोन लाव तिला."

पुतणीनं लावला. स्वयंपाकघरात फ्रिजवर घंटी वाजली. वहिनी फोन कधीच बरोबर नेत नसत.

उरले दादा. ते बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मघापासून उलटलंही नव्हतं. बायको आणि बहीण यांच्या मध्ये सापडलेला माणूस दुसरं काय करणार?

"दादा, वहिनी कुठे गेल्या?"

"मी फिरून येत होतो, ती जिन्यात भेटली. घाईत होती. म्हणाली, 'बदलून येते, वन्संना सांगा.' परवा स्वेटर आणला होता तिनं, बाह्या लांब होत्या. तो बदलायला गेली असणार. आता ते हिला काय सांगायचं? म्हणून नाही सांगितलं."

दाराच्या मागे खुंटीला दुकानाची पिशवी लटकत होती. फ्यूजताईनं आत हात घातला. स्वेटर आतच होता, लांब बाह्यांसकट.

दादांचा चेहरा पडला. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, ती तसली नाही हो. तेहतीस वर्षं झाली. ती तोडफोड करणारी नाही."

"मी कुठे म्हटलं तसं? मला आणखी एक सांगा." फ्यूजताईनं खिडकीतलं वेटोळं आणून पुढे धरलं. "ही भिंतीतली थ्री-पिन कुणी बसवली? ही कंपनीची नाही. सुट्टी आणून, स्क्रू पिळून लावलीय. आणि हिरवी वायर नुसती कापून ठेवलीय, अर्थिंगला जोडलेलीच नाही."

"मी बसवली!" दादा ताठ झाले. "पंधरा दिवसांपूर्वी. पण तुम्हीच तर सांगितलंत!"

"मी?"

दादांनी चष्म्याच्या घरातून एक चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात ठेवली. फ्यूजताईनं ती वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

अक्षर तिचंच होतं.

४

"पिन गेली आहे. बदला."

एवढंच लिहिलेलं. तिला सगळं आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी दादा चार्जर ठेवून गेले होते, मध्येच चार्ज होतो, मध्येच बंद पडतो म्हणून. तिनं तपासला. लॅपटॉपकडच्या टोकाशी, मानेजवळ, वायरीच्या आतल्या तारा तुटत आलेल्या. ते टोक साच्यातून ओतलेलं असतं, उघडून आतल्या तारा पुन्हा जोडता येत नाहीत, आणि जोडल्या तरी तो जोड तापतो. म्हणून तिनं चिठ्ठी खरडली, रबरानं ठोकळ्याला बांधली आणि एका गिऱ्हाइकाचा पंखा काढायला निघून गेली. दादांना चार्जर दिला तो शेजारच्या दुकानदारानं.

तिच्या मनात होतं, लॅपटॉपकडची पिन गेली आहे, चार्जर बदला.

दादांनी वाचलं, भिंतीतली पिन गेली आहे, ती बदला.

आता सांगा, चूक कुणाची? आपल्याकडे चार्जरच्या ह्या टोकाला पिन आणि त्याही टोकाला पिन! दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तिच्या तोंडी असतो. समोरचा कुठली पिन समजला, हे तिनं आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि बाईंना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? पिन बदलली म्हणून सांगितलं."

म्हणजे बाई समजल्या, फ्यूजताईनं दुरुस्त केला, आता काळजी नाही. आणि त्याच तुटक्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, खाली कोश लावून, पंधरा दिवस रोज दहा-दहा तास त्यांनी तो चालवला. ओल्या केसांनी, कागदांच्या ढिगात बसून.

"तापत नव्हता का हो?"

"ही म्हणत होती तसं. आठवड्यापूर्वी म्हणाली, 'अहो, वन्संच्या चार्जरची पिन तापतेय.' मी लगेच जाऊन हात लावून बघितला. थंडगार होती! म्हटलं, उगाच काहीतरी काढतेस."

"कुठल्या पिनेला हात लावलात?"

दादांनी भिंतीकडे बोट केलं. बोट तसंच राहिलं. मग त्यांनी लॅपटॉपच्या खोलीकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. "दादा! पक्कड कुठे आहे आपली? हे शेपूट उपटते मी!"

फ्यूजताई धावली.

५

खालच्या मजल्यावरच्या माणसानं चांगुलपणानं आपला चार्जर आणून दिला होता. बाई एका हातात तो आणि दुसऱ्या हातात पक्कड घेऊन लॅपटॉपवर ओणवल्या होत्या.

"बाई, थांबा!"

शाळेपासून आजवर ती बाईंवर कधी ओरडली नव्हती. बाई चपापून थांबल्या.

"ह्याची पिन अगदी तशीच आहे," बाई म्हणाल्या. "बसेल."

"बसेल हो. भोकात बसली म्हणजे चालेल असं नसतं. व्होल्ट जास्त असले तर आतलं सगळं जळेल, तुमच्या दोन प्रकरणांसकट. तुमच्या लॅपटॉपला किती लागतात?"

"मला काय माहीत!"

लॅपटॉप उलटा करून पाहिला. पोटावरचं लेबल सहा वर्षं मांडीवर घासून पांढरं झालं होतं. फ्यूजताईला स्वतःला आकडा आठवेना. तिच्या हाताखालून रोज वीस चार्जर जातात.

"मग आकडा कुठे मिळणार?" बाई रडकुंडीला आल्या. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"ठोकळ्यावर. त्याच्या पोटाशी सगळं छापलेलं असतं." एवढं बोलून फ्यूजताई थबकली. मग हळूच हसली आणि स्टूल ओढून बसली. "बसा बाई. दादा, तुम्हीही या. चोर सापडला. आणि ती आता येईलच, तुमचा चार्जर घेऊन."

बाई बसल्या नाहीत. "म्हणजे वहिनीच ना?"

"वहिनीच. पण ऐकून तरी घ्या. रागानं तोडणारं माणूस आधी बटण बंद करतं का? भिंतीतली पिन काढून वायर गुंडाळून, तिला रबर लावतं का? खिडकी कशाला उघडली असेल?"

"मला काय ठाऊक."

"वास जायला. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा हे चालूच ठेवून गेलात. वहिनी आत आल्या आणि त्यांना जळका वास आला. बटण बंद केलं, वायर काढली, खिडकी उघडली. आणि वाऱ्यानं तुमचा एक कागद हलू नये म्हणून त्यावर कोश ठेवला. द्वेष करणारं माणूस कोश ठेवतं होय?"

"मग वायर का कापली?" दादांनी विचारलं.

"ते शेपूट ओढून बघा. हळू. येत नाही ना? पिन वितळून आत चिकटलीय. कडेचा डाग बघा. जोर केला असता तर लॅपटॉपचं भोकच तुटून हातात आलं असतं, मग आज देवालाही तो चालू करता आला नसता. बाई, आत्ता पक्कड घेऊन तुम्ही जे करत होतात ना, तेच वहिनींनी केलं नाही. त्यांनी लॅपटॉपला धक्का लावला नाही, वायर कापली. कारण त्यांना ठोकळा हवा होता. आणि ठोकळा कशाला, तर त्यावरचा आकडा दुकानदाराला दाखवायला. जिन्यात दादांना म्हणाल्याच होत्या, 'बदलून येते.' दादांना स्वेटर आठवला, त्याला त्या काय करणार?"

बाई आता बसल्या. पलंगाच्या कडेवर, अंग चोरून.

"मला का नाही सांगितलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "एका शब्दानं सांगायचं ना मला, की चार्जर तापतोय."

"सांगितलं होतं, बाई. चार दिवसांपूर्वी दारात उभ्या राहून काय म्हणाल्या?"

बाईंनी ओठ हलवून ते वाक्य मनाशी पुन्हा म्हटलं. फार तापायला लागलंय, वन्सं, आवरा आता. सहा वर्षं गावभरच्या पाट्यांचे अर्थ लावत हिंडलेल्या बाई, आणि स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं एक साधं वाक्य त्यांना वाचता आलं नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. बारा वाजले. एक वाजला. कुणी जेवलं नाही. पाऊण तास आणखी गेला तशी फ्यूजताईचीही खात्री डळमळायला लागली. आपलं चुकलं तर नाही? वहिनी खरंच रुसून कुठे निघून गेल्या असतील तर?

जिन्यात पावलं वाजली, पण ती दारापुढून वर निघून गेली.

६

दोन वाजून दहा मिनिटांनी दार लोटून वहिनी आत आल्या. घामाघूम. एका हातात नवा खोका, दुसऱ्या हातात जुना ठोकळा.

"चार दुकानं झाली," त्यांनी कुणाकडे न बघता खोका टेबलावर ठेवला. "पहिला म्हणाला, हा घ्या, चालून जाईल. मी म्हटलं, चालून जाईल नको, आकडे जुळव. दुसऱ्याकडे व्होल्ट जास्त. तिसऱ्याचे व्होल्ट जुळले तर अँपिअर कमी. चौथ्याकडे दोन्ही जुळले. तरी नीट बघून घ्या."

फ्यूजताईनं खोका उघडून दोन्ही ठोकळे शेजारी ठेवले. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच, पिनेचं चित्रही तेच. चोख काम. तिच्या दुकानात येणाऱ्या शिकलेल्या माणसांनाही एवढं सुचत नाही.

"अहो, पण माझं दुकान गल्लीत असताना चार दुकानं कशाला फिरलात?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पिन बदललीत असं हे म्हणाले. बदलूनसुद्धा तापतेय म्हटल्यावर तुमच्याकडे परत कशी येऊ?"

लागायचं तिथे ते बरोबर लागलं. फ्यूजताईनं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "चूक माझी. एक शब्द जास्त लिहायचा आळस केला. वायर मधेच तुटली असती तर दुरुस्तीचा विचार केला असता. पण टोक तापायला लागलं की विचार करायचा नसतो, चार्जर बदलायचा. हे मला दादांना समोर बसवून सांगायला हवं होतं. घर पेटलं असतं, बाई."

"अर्थिंग मीच सोडलं," दादा पुटपुटले.

"त्याबद्दल तुम्हाला वेगळं बोलणार आहे मी," फ्यूजताई म्हणाली आणि कामाला लागली.

बारीक चिमटा आणि टोकदार सुई घेऊन ती त्या भोकाशी अर्धा तास झटत होती. वितळलेलं प्लास्टिक कणाकणानं सुटलं आणि शेवटी पिन बाहेर आली, एका बाजूनं काळी पडलेली. आतली काजळी तिनं पुसली, सुईनं चाचपून पाहिली. भोक शाबूत होतं. तिनं नवा चार्जर लावला. लॅपटॉपवरचा बारीक दिवा लागला. पडदा उजळला. दोन्ही प्रकरणं जागेवर होती.

बाई कामाला बसल्या. फ्यूजताई शेजारी खाली बसून राहिली, नव्या पिनेवर बोट ठेवून. तापते का बघत. दुकान बंद होतं, गिऱ्हाइकांचे फोन येत होते, ती हलली नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी बाईंनी शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली, आपला प्रबंध मिळाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादांनी नाक पुसलं. बाई उठल्या आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींसमोर जाऊन थांबल्या.

"वहिनी, सकाळी मी तुमच्यावर आळ घेतला. मोठ्यानं ओरडून."

"कळलं. जिन्यात खालच्यांनी सांगितलं."

"मला वाटलं, हे पुरं व्हायला नकोय तुम्हाला."

"नकोच होतं," वहिनी म्हणाल्या.

फ्यूजताईचं बोट पिनेवरच राहिलं. ह्याचा उलगडा तिलाही झाला नव्हता.

"खरं तेच सांगते, वन्सं. हे संपलं की तुम्ही जाणार. त्या दिवशी खोलीचं सांगितलंत ना, तेव्हापासून रोज वाटायचं, अजून एक प्रकरण निघू दे, अजून एक मुदत मिळू दे. 'आता बास झालं हे' म्हटलं ते ह्या जाण्याच्या बोलण्याला. सकाळी तो ठोकळा हातात आला तेव्हा मनात आलं, ठेवून द्यावा कपाटात. आज पाच वाजून गेले की झालं. कुणाला कळणार होतं?"

"मग?"

"मग काय? उतरले जिना. सहा वर्षं होती ती तुमची."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बत्तीस वर्षांत वर्गानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे फ्यूजताईनं मान खाली घातली.

"मी अडगळ होते म्हणून जायला निघाले होते, वहिनी. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, राहा म्हणून."

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. येऊन सांगितलंत, खोली बघितली म्हणून. ठरवून आलेल्या माणसाला मी काय अडवू? मला काय अधिकार?"

"बरं," बाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग आता विचारते. राहू का मी?"

वहिनींनी दोनदा मान हलवली, पण बाई तशाच उभ्या राहिल्या. मानेच्या इशाऱ्यावर अर्थ लावायची त्यांची आता तयारी नव्हती.

"नीट सांगा, वहिनी. शब्दात."

"राहा," वहिनी म्हणाल्या, "माझ्याजवळ, ह्याच घरात राहा."